देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात: मुलांसाठी मार्गदर्शक घ्यावा का?

नाशिककर_आई
नमस्कार. नाताळच्या सुट्टीत सात, नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांना घेऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी जाणार असून, त्यातील एक पूर्ण दिवस देवगिरी किल्ला आणि वेरूळ यांसाठी राखून ठेवला आहे. मार्गदर्शक घ्यावा अशी माझी इच्छा आहे. परंतु मागे एका ठिकाणी मार्गदर्शकाने राजांची नावे आणि सनावळ्या घडाघडा म्हणून दाखवल्या आणि उरलेला वेळ शालींच्या दुकानात घालवला, त्यामुळे मुले ‘गाइड नको’ असेच म्हणत आहेत. आधी किल्ला पाहावा की लेणी, आणि मार्गदर्शकाशी नेमके काय बोलून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळवाट
मार्गदर्शक अवश्य घ्या, मात्र शासनमान्य ओळखपत्र पाहूनच घ्या, आणि मानधन, वेळ व ‘दुकानात थांबणार नाही’ ही अट गाडीत बसण्यापूर्वीच स्पष्ट करा. वार तपासून घ्या: वेरूळ मंगळवारी बंद असते, तर अजिंठा सोमवारी, आणि या दोन वारांत अनेकांची गल्लत होते. पंधरा वर्षांखालील मुलांना दोन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क नाही.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: आधी किल्ला. तो शहरातून वेरूळच्या वाटेवरच लागतो, चढ सकाळच्या गारव्यात होऊन जातो, आणि वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन कैलास लेण्याच्या दर्शनी भागावर येते, तेव्हा शिल्पे अधिक उठून दिसतात.

मुलांना दोन्ही जागा वेगवेगळ्या वाटू नयेत, यासाठी मार्गदर्शकाला एकच सूत्र धरायला सांगावे: माणसाने येथे कातळ का आणि कसा कापला? देवगिरीला डोंगराचा पायथा ताशीव भिंतीसारखा सरळ उभा केला आणि भोवती कातळातच खंदक खोदला, म्हणजे शत्रूला चढायला जागाच राहू नये. वेरूळला त्याच जातीचा काळा कातळ वरून खाली कोरत नेऊन अखंड देऊळ मोकळे केले. हे एकदा लक्षात आले की रामदेवराय यादवांवर अल्लाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये केलेली स्वारी किंवा 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने येथे हलवलेली राजधानी या गोष्टी मुले आपण होऊन विचारतात.

शाळामास्तर
वरील सूत्र उत्तम आहे. मी विद्यार्थ्यांना सहलीच्या आदल्या दिवशी साबणाची वडी आणि बोथट चमचा देतो व एकच नियम सांगतो: वरून सुरुवात करायची आणि तुटलेला तुकडा परत जोडायचा नाही. कोणाचा हत्ती सोंडेविना राहतो, कोणाचे शिखरच उडते. दुसऱ्या दिवशी कैलासाच्या जोत्यावरील हत्तींच्या रांगेसमोर ती मुले जितका वेळ उभी राहतात, तितका वेळ कोणत्याही व्याख्यानाने राहिली नसती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण आणि आठवे शतक, एवढा तपशील त्या क्षणी पुरेसा होतो.

चौतीसही लेणी दाखवण्याचा हट्ट मात्र धरू नका. माझ्या मते सोळाव्या क्रमांकाच्या कैलासाला दीड तास द्यावा आणि तेथे रावण कैलास पर्वत हलवतो ते शिल्प मुलांना स्वतः शोधू द्यावे. मग दहाव्या लेण्यात जावे. त्याला ‘सुताराचे झोपडे’ म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी कोरल्या आहेत, आणि तेथे हळू आवाजात काही म्हटले तरी ते छान घुमते. बत्तिसावे जैन लेणे, म्हणजे इंद्रसभा, उत्तरेला थोडे दूर आहे. पायांत बळ उरले तरच जावे.

नाशिककर_आई
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली: धाकटीला अंधाराची फार भीती वाटते. किल्ल्यातील अंधारीचे, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेचे, काय करावे?

कातळवाट
तिच्यावर जबरदस्ती करू नये. अंधारी खंदकावरील पुलानंतर लागते, म्हणजे त्याआधीच चांद मिनार, गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहाला कैदेत ठेवले होते तो चिनी महाल आणि मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके असलेली मेंढा तोफ, हे सर्व तिचे पाहून झालेले असेल. तिला एका मोठ्या माणसाबरोबर पुलापाशी थांबवावे आणि मार्गदर्शकाने दोन मोठ्या मुलांना आत न्यावे. विजेरी प्रत्येकाच्या हाती हवी, कारण पायऱ्या उंचसखल आहेत. वटवाघळांचा वास उग्र असतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. बाहेर आल्यावर आणखी वर बारादरी या महालापर्यंत जायचे की नाही, हे घड्याळ पाहून ठरवा. दुपारी एकपर्यंत वेरूळचा रस्ता धरलेला बरा.

शाळामास्तर
एक पुरवणी. किल्ल्याबाहेर पेरू विकायला असतात. ते घ्यावेत, पण गाडीतच खावेत. आतील माकडे मुलांच्या हातातील पिशवी सरळ ओढतात.