प्रोस्ट नुसता सेन्नाचा प्रतिस्पर्धी नव्हता

फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींमधला ड्रायव्हर अ‍ॅलन प्रोस्ट म्हटलं की लोकांना फक्त ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेन्नाशी झालेलं भांडण आठवतं, हे खरंय, आणि मला ते फार लागतं. ४ विश्वविजेतेपदं (१९८५, ८६, ८९, ९३), ५१ विजय. फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला फ्रेंच ड्रायव्हर आजवर हा एकच.

१९८८ चंच बघा. पूर्ण हंगामात प्रोस्टचे गुण १०५, सेन्नाचे ९४. पण तेव्हा सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, म्हणून ९०-८७ नं विजेता सेन्ना! त्याआधी १९८४ मध्ये निकी लाउडा या ड्रायव्हरकडून अवघ्या अर्ध्या गुणानं हार. मोनॅकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबली, पहिल्या आलेल्या प्रोस्टला ९ ऐवजी साडेचारच गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी ६ मिळाले असते, म्हणजे विजेतेपद त्याचंच!

टायर, ब्रेक, इंधन जपत शांतपणे गाडी चालवायचा, म्हणून तर ‘प्रोफेसर’. सेन्नाची पावसातली धाव डोळ्यांत भरते, प्रोस्टचं कसब मात्र टीव्हीवर दिसतच नाही. वेळ मिळाला तर १९८६ ची अ‍ॅडलेडची शर्यत जरूर बघा. विजेतेपदासाठीचा प्रतिस्पर्धी नायजेल मॅन्सेलचा टायर फुटला आणि प्रोस्टनं शर्यतही जिंकली, विजेतेपदही.