मदत हवी आहे : कादंबरीतल्या पात्रांची नावं, चार काळ आणि चार संस्कृती

अर्धीकथा
कादंबरी लिहितेय. चार भाग आहेत, चार वेगवेगळ्या काळांत घडतात. कथानक पक्कं आहे, दोन भाग लिहूनही झालेत, पण नावांपाशी गाडी अडली आहे. सध्या मार्सेला, मरियम, मृणालिनी आणि मसाको अशी नावं घातली आहेत आणि चारही मला खोटी वाटतात. नाव खोटं वाटलं की त्या पात्राच्या तोंडी वाक्यच येत नाही. नावांच्या साइट्स पालथ्या घातल्या, तिथे अर्थ आणि राशी यापलीकडे काही नाही. जुनी पण उच्चारायला सोपी अशी नावं सुचवा. पुरुष पात्रांचीही लागतील. जरा लवकर सांगा, तिसरा भाग थांबलाय.

ताम्रपट
कुठले चार काळ? कुठली शहरं? पात्रं कोणत्या थरातली? मरियम नाव दोन हजार वर्षांपूर्वीही होतं आणि आजही आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच सांगता येत नाही. "जुनी" म्हणजे किती जुनी ते आधी कळू दे.

वाचनवेडा
नावात एवढं अडकू नका. पात्र १, पात्र २ असं लिहून कादंबरी पूर्ण करा आणि शेवटी संगणकावर शोधून सगळीकडे बदला. मी कथा अशाच लिहितो. लेखन थांबणं हे सगळ्यात वाईट.

निळी शाई
वाचनवेडा, असहमत. शोधून बदललं की अक्षरं बदलतात, पात्रांमधलं नातं तसंच राहतं. अरबी समाजात मोठ्या माणसाला मान द्यायचा तर 'अबू अमुक' म्हणत, म्हणजे मुलाच्या नावाने बापाला हाक. बाईला 'उम्म अमुक'. घरात वेगळं, बाजारात वेगळं, दरबारात आणखी वेगळं. कोण कुणाला कोणत्या नावाने हाक मारतं यातच अर्धा संवाद होतो. तुम्ही आधी सगळीकडे हसन लिहिलंत आणि शेवटी त्याचा यह्या केलात, तरी समोरचा त्याला कसा बोलावतो हा प्रश्न तसाच राहिला.

वाचनवेडा
ते दुसऱ्या खर्ड्यात बघता येतं. पहिला खर्डा पूर्ण नसेल तर बघणार काय?

अर्धीकथा
रोमन काळ, अरब काळ, आपला यादवकाळ आणि जुना जपान. नायिका चारही भागांत तीच आहे, म्हणून म वरून नावं घेतली. आता सुचवा.

ताम्रपट
"तीच आहे" म्हणजे पुनर्जन्म? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

आणि "रोमन काळ" एवढ्याने भागत नाही. रोम शहर की एखादा प्रांत? ती नागरिक की गुलाम? नागरिक पुरुषाची साधारण तीन नावं असत: स्वतःचं, कुळाचं आणि शाखेचं. त्यातल्या पहिल्या नावात निवड फार थोडी, गायस, लुशियस, मार्कस, टायटस अशी पंधरा-वीसच नावं सर्रास चालत. मुलीला कुळाचं नाव स्त्रीलिंगी होऊन मिळायचं. कॉर्नेलियसची मुलगी कॉर्नेलिया, तिच्या पाठची बहीणही कॉर्नेलियाच, मग थोरली आणि धाकटी. साम्राज्यकाळात मुलींच्या नावाला दुसरं नावही जोडलं जाऊ लागलं. गुलाम मुक्त झाला की मालकाची पहिली दोन नावं घ्यायचा आणि आपलं जुनं नाव शेवटी ठेवायचा. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक टायरो मुक्त झाल्यावर मार्कस टुलियस टायरो झाला. म्हणजे माणसाच्या नावातच त्याची कहाणी असते, कादंबरीकाराला याहून आयतं काय हवं? पुढे २१२ साली सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं, नव्या नागरिकांनी त्याचं कुळनाव घेतलं आणि जिकडेतिकडे ऑरेलियस दिसू लागले. म्हणून साल विचारतोय.

रानवारा
सिसेरो नव्हे, किकेरो. आणि सीझर नव्हे, कायसर. त्या काळचे लॅटिन उच्चार असेच होते. आपण इंग्रजांकडून घेतलेले उच्चार मराठी कादंबरीत कशाला? लेखिकेने निदान हे तरी पाळावं.

निळी शाई
मराठी वाचकाला सीझर माहीत आहे, कायसर वाचून तो अडखळेल. प्रसिद्ध माणसांचं रूढ रूप ठेवावं, काल्पनिक पात्रांचं मुळाजवळ न्यावं.

रानवारा
म्हणजे एकाच पानावर एक सीझर आणि शेजारी खऱ्या उच्चाराचा दुसरा कोणीतरी? मग पद्धत कसली राहिली ती?

समासातली नोंद
पुस्तकाच्या सुरुवातीला "यातील सर्व पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास योगायोग समजावा" हे निवेदन नक्की घाला. आडनावं वापरणार असाल तर विशेष काळजी घ्या, लोक दुखावतात. चारही काळांची वंशावळ मागे परिशिष्टात दिलीत तर वाचकाची सोय होईल.

अर्धीकथा
निवेदनाचं मी विचारलेलं नाही. आणि कृपया धागा उच्चारांवर नेऊ नका.

अलेक्झांड्रिया, साधारण इ. स. १५०, ती एका व्यापाऱ्याच्या घरची दासी. बगदाद, ८५० च्या आसपास, गाणारी दासी. देवगिरी, १२८०, जवाहिऱ्याची मुलगी, आणि शेजारी दामोदरपंत चिटणीस म्हणून एक जण आहे, तो महत्त्वाचा. शेवटी नागासाकी, डच वखारीजवळ. एक वस्तू हातोहात जाते. झालं?

ताम्रपट
८५० मध्ये खलिफाचा दरबार बगदादला नव्हता, सामर्‍याला होता. ८३६ ते ८९२ राजधानी तिकडे. तुमची गायिका दरबारात गात असेल तर शहर बदलावं लागेल.

अर्धीकथा
दरबार नाही. एका कापड व्यापाऱ्याचं घर आहे. बगदादच राहणार.

निळी शाई
वस्तू कोणती?

अर्धीकथा
ते मला इथे उघड करायचं नव्हतं. मोती.

निळी शाई
मग म सोडा आणि मोती धरा! चार म मुळे वाचकाचा गोंधळच होईल. मार्सेला आणि मसाको डोळ्यांना सारखीच दिसतात, पानं उलटताना नजर पहिल्या अक्षरावर आणि मात्रेवर पडते. नातं अक्षराने जोडण्यापेक्षा अर्थाने जोडा.

अलेक्झांड्रिया: मार्गारिटा. ग्रीक-लॅटिनमध्ये अर्थ मोती, आणि रोमन काळातल्या कोरीव लेखांत हे नाव आहे. दासीला मालक असलं लाडिक नाव सहज ठेवेल.

बगदाद: लुलुआ. अरबीत मोती. दास-दासींना रत्नांची आणि सुगंधांची नावं देण्याची तिथे रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. हाच काफूर नावाचा गुलाम दहाव्या शतकात इजिप्तचा सत्ताधीश झाला. तुमच्या कापड व्यापाऱ्याच्या घरी एखादा याकूत नोकर घाला, वाचकाला काही समजावून न सांगता ते घर उभं राहील.

नागासाकी: तामा. अर्थ रत्न, मोत्यालाही चालतो.

देवगिरीचं मला सुचत नाही. मुक्ता म्हणावं तर अडचण आहे.

रानवारा
मार्गारिटा नावाचा सगळ्यात प्रसिद्ध रोमन लेख एका कुत्रीचा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये संगमरवरी फलक आहे. शिकारी कुत्री, जन्म गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, पिल्लांना जन्म देताना गेली, आणि लेख तिच्याच तोंडी रचलेला आहे: मालकाच्या मांडीवर बसायची, मऊ अंथरुणावर निजायची, अंगावर कधी साखळी पडली नाही. अतिशय देखणी कविता आहे. सर्वांनी जरूर वाचावी.

दुसरं म्हणजे मोती. सतराशे वर्षं हाताळला गेलेला मोती टिकेल का? मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, घामाने आणि आम्लाने खराब होतो. माणिक घ्या.

अर्धीकथा
कुत्रीचं नाव माझ्या नायिकेला? आणि मोती बदलणार नाही, तो गळ्यात नाही, डबीत असतो.

निळी शाई
ते नाव बायकांचंही होतं, कुत्रीमुळे बाद होत नाही. उलट माझं मत विचाराल तर याचा उपयोग करा. घरातल्या आवडत्या कुत्रीला आणि दासीला एकाच जातीची नावं देणारा मालक! त्या लेखातल्या कुत्रीला साखळी माहीत नव्हती. तुमच्या मार्गारिटाचं काय? या एका गोष्टीवर एक प्रकरण उभं राहील.

माजघर
देवगिरीबद्दल मी सांगते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

ताई, १२८० मध्ये चिटणीस नको. त्यातला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. फडणीस, सबनीस, पारसनीस हे सगळे त्याच घराण्यातले. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला १२९६ ला, फारसी दरबारी शब्द मराठीत मुरले ते त्यानंतर. 'पंत' आणि आडनाव हा जोड तर पेशवाईच्या वळणाचा वाटतो. शहाजी, फिरंगोजी असली नावंही त्याच कारणाने नकोत.

त्या काळची माणसं भेटतात लीळाचरित्रात. म्हाइंभट, नागदेव, आणि बायकांमध्ये महदाइसा, बाइसा, आउसा, हिराइसा. मोठ्याने म्हणून बघा. 'आइसा' उच्चारताना जीभ जी लांब जाते तिच्यात तो काळ ऐकू येतो. आणि संत नामदेवांचं घर बघा: वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलं नारा, महादा, गोंदा, विठा. देवाचीच नावं, पण घरात वापरून गुळगुळीत झालेली. नातवांना हाका मारणारी गोणाई मला या चार नावांतूनच दिसते. तुमचा जवाहिऱ्या व्यापारी आहे, त्याला 'शेटी' शोभेल. दामोदरपंतांचं दामोदरभट करा, किंवा लिहिण्याचं काम ठेवायचं असेल तर दामदेव पंडित.

नायिका मुक्ताई म्हणाल तर वाचक थेट ज्ञानदेवांच्या बहिणीकडे जाईल. तीही त्याच दशकांतली. तुमची नायिका तिच्या सावलीतून बाहेरच येणार नाही. हिराइसाच्या चालीवर मोताइसा करा.

ताम्रपट
मोताइसा नावाची नोंद कुठे आहे? नसेल तर हे घडवलेलं नाव झालं. ऐतिहासिक कादंबरीत नाव तरी सापडलेलं हवं. हिराइसाच घ्या.

माजघर
हिराइसा घेतलं तर मोती गेला. कादंबरी आहे, बखर नाही. घडण त्या काळाची असेल तर नाव त्या काळाचंच वाटतं. प्रत्येक नाव नोंदलेलंच हवं म्हटलं तर ज्या बायकांची नोंदच कुणी ठेवली नाही त्यांच्यावर लिहायचंच नाही का?

ताम्रपट
तसं मी म्हटलं नाही. पण चांगला वाचक शोधायला जातो, आणि एक नाव खोटं निघालं की पुढच्या खऱ्या नावांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

निळी शाई
उलटही होतं. टिफनी हे नाव मध्ययुगात खरोखर होतं, थिओफानियाचं रूप. पण आज मध्ययुगीन कथेत टिफनी घातली तर वाचक लेखकालाच अडाणी ठरवेल. नोंद असणं आणि पटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी मोताइसाच्या बाजूने.

वाचनवेडा
बघा, एका नावावर एवढी चर्चा झाली. तेवढ्यात प्रकरण लिहून झालं असतं.

ताम्रपट
जपानचं राहिलं. मसाको खटकतं ते बरोबर आहे. 'को' शेवटी येणारी नावं आधी दरबारी आणि उच्चकुलीन स्त्रियांची, सामान्य घरांत ती मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर पसरली. त्याआधी साध्या घरातल्या मुलीचं नाव दोन अक्षरी आणि हाक मारताना पुढे 'ओ': ओहारू, ओकिकू. त्यामुळे तामा चपखल आहे, हाक ओतामा. मुलांना जन्मक्रमाने नावं चालत: थोरला तारो, दुसरा जिरो, तिसरा साबुरो. आडनावांचं जपून. सामान्य लोकांना १८७० मध्ये परवानगी मिळाली आणि १८७५ मध्ये सक्ती झाली. त्याआधी दुकानदार दुकानाच्या नावाने ओळखला जाई.

डच माणूस असेल तर त्यालाही भारदस्त आडनाव लावू नका. सतराव्या शतकातल्या साध्या खलाशाला बापाचं नाव पुरे, यान्सझोन म्हणजे यानचा मुलगा. नागासाकीचं साल तुम्ही अजून सांगितलेलंच नाही. देजिमा या नागासाकीच्या बेटावरची डच वखार १६४१ ते १८५९, दोनशेहून जास्त वर्षांचा काळ आहे.

रानवारा
'यान्सझोन' हाच उच्चार बरोबर, कुणी 'यान्सझून' करू नका.

अर्धीकथा
मार्गारिटा, लुलुआ, ओतामा घेतली. काल रात्री मार्गारिटा नाव टाकून पहिला प्रसंग पुन्हा लिहिला, मालक तिला शीळ घालून बोलावतो असा. आता तो प्रसंग खरा वाटतो. देवगिरीला मोताइसा ठेवतेय. ताम्रपट, तुमचं म्हणणं पटतं, म्हणून तिच्या आजूबाजूची सगळी नावं नोंदलेलीच घेईन. चिटणीसांना काढलं, दामोदरभट केलं, पण आता तो भट असल्यावर जवाहिऱ्याच्या घरी त्याची ऊठबस कशी दाखवू ते बघावं लागेल.

नागासाकी १८२३. खलाशी नाही, डॉक्टर आहे.

ताम्रपट
मग यान्सझोन रद्द. नेपोलियनच्या अमलात १८११ च्या हुकमाने हॉलंडमध्ये आडनाव नोंदवणं सक्तीचं झालं होतं, त्यामुळे याला ठरलेलं आडनाव हवंच. शिवाय १८२३ लाच जीबोल्ड हा जर्मन डॉक्टर देजिमावर आला, वाचक तुमच्या डॉक्टरला तोच समजतील. दोन-तीन वर्षं अलीकडे-पलीकडे करता येईल का? आणि डॉक्टर हॉलंडचाच आहे की आणखी कुठला?