पऱ्हाटी पेटवायची की तिच्या फळ्या करायच्या?

काळीतला_गडी:
फाल्गुन लागला की आमच्याकडे संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या वाळक्या झाडांचे, ढीग पेटतात. हेक्टरी दोन-तीन टन माल असा धुरात जातो. खरं तर कपाशीची काडी म्हणजे जवळपास लाकूडच. १९२४ पासून माटुंग्यात असलेल्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीच्या भुग्यापासून पार्टिकल बोर्ड (भुगा चिकटवून दाबलेल्या फळ्या) करण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय. तिथेच कापसाच्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) काढायचा प्रायोगिक प्रकल्पही आहे. कागदाला, प्लास्टिकला बळकटी द्यायला ते वापरतात. मग टाकाऊ काडीतून असा शाश्वत माल होत असताना आपण काडेपेटी का ओढतोय?

विहीरवाला:
कारण काडेपेटी स्वस्त आहे, भाऊ. गेल्या साली एक व्यापारी घेतो म्हणाला. दोन ट्रॉल्या शिगोशीग भरल्या, दोरखंड आवळून नेल्या. काट्यावर बारा क्विंटलही भरले नाहीत. त्यातून मुळांच्या मातीची घट कापली. उपटायची मजुरी अन् डिझेल वजा जाता पोरांच्या भज्यांपुरते उरले.

रंधा:
मी फर्निचरचं काम करतो. 'शाश्वत' म्हणून मिरवताय, पण तो भुगा चिकटतो कशाने? युरिया-फॉर्मल्डिहाइडने. बंद खोलीत असा बोर्ड कापा, डोळे चुरचुरतात की नाही सांगा. त्यात पावसाळ्यात ओल लागली की कडा पावासारख्या फुगतात. काडी शेतातली, डिंक कारखान्यातला.

काळीतला_गडी:
@रंधा, निलगिरीच्या भुग्याच्या बोर्डालाही बहुतेक हाच डिंक असतो की. हा दोष पऱ्हाटीच्या माथी का?
@विहीरवाला, अख्खी काडी नेलीत म्हणजे ट्रॉलीभर हवाच नेलीत. चिपर शेतात आणून तिथेच तुकडे केले तर त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त वजन बसतं.

चुलीपुढची:
सगळे पुरुष बोललात, आता मी बोलते. 'टाकाऊ' कोण म्हणालं हो? आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे वावर नाही, त्या बाया वेचणी संपली की मालकाला विचारून पऱ्हाटी आणतात. वर्षाचं सरपण होतं. सिलेंडर आहे घरात, पाहुणे आले की पेटतो. माझ्या माहेरी न्हाणीचा कूड पऱ्हाटीचाच होता, वरून शेणमाती. उद्या क्विंटलला भाव फुटला की मालक त्यांना फुकट नेऊ देईल का? जाळून टाकतात ती वेगळी गोष्ट, पण सगळीच जाळत नाहीत.

कवडी_नको:
एक गोष्ट कोणी काढलीच नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते विसरलात? वाळक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते. फरदड धरणारे (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी वेचणी घेणारे) अन् धुऱ्यावर गंजी लावणारे दोघंही तिला पोसतात. सरपणाची गंजी असो नाहीतर कारखान्याच्या आवारातला ढीग, जूनपर्यंत तसाच पडला तर पुढच्या हंगामाची बेगमीच. (ताई, राग नको, पण तुमच्या गंजीलाही हे लागू आहे.) म्हणून चिपरला माझा पाठिंबा, पण तुकडे हंगाम संपताच व्हायला हवेत, सवडीने नाही.

रोटाव्हेटर_जिंदाबाद:
तुकडेच करायचे तर मातीतच करा. जमिनीत कर्ब उरला नाही अन् तुम्ही तो कपाटात घालून शहरात पाठवताय.

चुलीपुढची:
@कवडी_नको, राग नाही. बोंडं झोडून काडी रचायला सांगते सगळ्यांना. पण भाव ठरवायला बसाल तेव्हा आमच्यापैकी एकीला तरी बोलवा.

काळीतला_गडी:
मान्य. अर्धी काडी मातीत, अर्धी बोर्डाला, असं जमेल का? आणि ताईंच्या बायांचा वाटा आधीच काढून. विहीरवाले, चिपर आला तर पहिलं वावर तुमचं धरू?

विहीरवाला:
धरा. पण काटा सोबत आणा अन् पैसे बांधावर मोजा. 'हप्त्याने देतो' म्हणणाऱ्याचा फोन आजही बंदच लागतो.