कोपरखैरणे: मुलीला पालिकेच्या शाळेत घालावं की खासगी?

रेवाची_आई:
मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी वार्षिक उत्पन्नाची अट एक लाखाची, त्यात आम्ही बसत नाही. मिस्टर एपीएमसीत (बाजार समितीत) गाळ्यावर हिशेब बघतात, मी घरी ब्लाउज शिवते. ऐरोलीची खासगी इंग्रजी शाळा परवडेल, पण ओढाताण करून. पालिकेची शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. जाऊबाई म्हणतात, पोरीचं वाटोळं कराल. ज्यांची मुलं सध्या शिकतायत त्यांनी सांगा.

घणसोलीची_पालक:
ताई, माझा मुलगा पालिकेच्या शाळेत तिसरीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. हे कागदावरचं नाही. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, एक मुलगी दार धरून उभी राहायची तेव्हा दुसरी आत जायची. बैठकीत आम्ही बायकांनी तो विषय सोडलाच नाही, कडी बसेपर्यंत. खासगीत माझ्या बहिणीला गेटच्या आत सोडत नाहीत.

पुस्तकं, गणवेश, खिचडी फुकट हे खरं, पण त्यासाठी मुलाला तिथे घातलेलं नाही. बाई रोज चार-पाच जणांना जवळ घेऊन बालभारतीतला धडा वाचून घेतात. अडखळला की पुढे ढकलत नाहीत. आज तो दुकानांच्या पाट्या वाचत चालतो.

त्रासही आहे. निवडणूक आली की शिक्षक कामाला जातात आणि दोन वर्ग एकत्र बसवतात. याचा मला फार राग येतो.

ऐरोली_शिक्षिका:
मी खासगीत शिकवते. फी विचारताना बस, पुस्तकं, सहलीसकट सगळा आकडा लेखी मागा. २०११ च्या फी कायद्यानुसार फीच्या प्रस्तावाला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता घ्यावी लागते, तेव्हा त्या समितीत कोण आहे तेही विचारा. आणि घरात इंग्रजी बोलत नसाल तर दुसरीपासून ट्यूशन लागते, माझ्या वर्गातली निम्मी मुलं जातात. हा खर्च कोणी सांगत नाही.

रेवाची_आई:
ट्यूशनचं डोक्यातच नव्हतं. पालिकेत सहावी-सातवीनंतर काय?

घणसोलीची_पालक:
हे आधी विचाराच. पालिकेच्या सगळ्या शाळांना नववी-दहावी नसते. जवळची माध्यमिक कुठली, मुलं तिकडे जातात का, ते मुख्याध्यापकांना विचारा. पहिलीला किती पट आहे तेही. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. वर्ग चालू असताना जा आणि दुसरीच्या एखाद्या मुलाला धडा वाचायला लावा. खासगीतही हेच करू देतायत का बघा. पालिकेच्या शाळेत एवढं पाहूनही मन धजलं नाही, तर तुमच्याजवळ वाशीच्या बाजूला अनुदानित मराठी शाळाही आहेत, फी कमी असते. जन्मदाखला हाताशी नसेल तरी प्रवेश अडवता येत नाही, कोणी परत पाठवलं तर इथे लिहा.