सकाळी टाच, उतारावर गुडघा: चालणं बंद करावं का?

टेकडीकर: वय ४८, वजन ७८ किलो, रोज पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पाऊण तास चालणं. उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं उजवी टाच टेकवत नाही, मग सुटते. उतरताना डाव्या गुडघ्याची वाटी दुखते, सपाटीवर काही नाही. एक्स-रेत ‘टाचेचं हाड वाढलंय’. ते काढावं लागेल का?

चवडा-टाच: हाडाचा धसका घेऊ नका. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो काटा दिसतो. दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याचा पट्टा, प्लांटर फॅशिया. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला, कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबा. नेमकं तिथेच ‘आई गं’ झालं तर हेच.

पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने चाचपा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला दिवसाआड पायरीच्या कडेवर चवडे टेकून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचला: ३ सेकंदांत वर, २ थांबा, ३ सेकंदांत खाली, १२ वेळा. फरशीवर अनवाणी फिरू नका, घरात वेगळी चप्पल ठेवा. आठवड्यात फरक पडत नाही म्हणून लोक सोडून देतात. याला काही महिने लागतात.

वाटीवाला: गुडघा वेगळा विषय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. गुडघ्याला नुसता आधाराचा पट्टा आवळून सगळं तसंच चालू ठेवणं, ही नेहमीची चूक. १०-१५ सेंमी उंचीच्या पाटावरून एका पायाने सावकाश उतरा, आरशासमोर. गुडघा आत झुकतो का बघा, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणंही करा, १० चे ३ फेरे. दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं तर पाटाची उंची कमी करा. चालणं बंद नको. पर्वती टेकडीच्या पायऱ्या तेवढ्या सध्या राहू द्या. गुडघा अडकत असेल किंवा सुजत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

वाटसरू: यातच विचारतो, घोटा मुरगळला तर एक्स-रे कधी?

चवडा-टाच: चार पावलंही टाकता येत नसतील तर लगेच. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून ६ सेंमीपर्यंत दाबून बघा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध उंचवटा असतो, तोही दाबा, आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाडही. कुठेही हाडावरच दुखलं तरी एक्स-रे काढा. पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका.

वाटीवाला: आणि काही न लागता अंगठ्याचं मूळ रातोरात लाल होऊन चादरही सहन होईना, तर तो बहुधा गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात. ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दुखणं ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.