दुसरा विकेल म्हणून आपणही विकायचं?
"सौदी अरेबियाला आपण शस्त्रं विकली नाहीत तर रशिया-चीन विकतील" हा अमेरिका-ब्रिटनच्या शस्त्रविक्रीच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत सौदी पत्रकार जमाल खशोगींची हत्या झाली, तेव्हा ट्रम्प यांनीही आपल्या निवेदनात हेच कारण पुढे केलं होतं. त्या निवेदनात बोइंग, लॉकहीड मार्टिन, रेथिऑन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांची नावंसुद्धा होती. खुनाबद्दलच्या निवेदनात कंपन्यांची यादी! संताप येतो.

सौदी हवाई दलाची एफ-१५ आणि टायफून ही लढाऊ विमानं अमेरिकी-ब्रिटिश सुट्या भागांवर आणि तंत्रज्ञांवर चालतात. त्यांच्या जागी रातोरात रशियन विमानं आणता येत नाहीत. म्हणजे लगाम विकणाऱ्याच्याच हातात असतो, तो ओढायची इच्छा नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येमेनमधल्या दहयानला शाळकरी मुलांच्या सहलीच्या बसवर सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीचा बॉम्ब पडला. ४० मुलं गेली. बॉम्ब अमेरिकी बनावटीचा होता.

तेलाचं तर विचारूच नका. सौदीला वाळीत टाकू म्हणणारे बायडन, युक्रेन युद्धाने तेल भडकल्यावर जुलै २०२२मध्ये जेद्दाला जाऊन सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांना भेटलेच.

जर्मनीने मात्र खशोगींनंतर शस्त्रनिर्यात रोखली, आणि टायफून बनवण्यात जर्मनीही भागीदार असल्यामुळे ब्रिटनची सौदीला होणारी टायफूनची नवी विक्रीही कित्येक वर्षं अडकून पडली.