मातीच्या घरांचं कौतुक पुरे, किल्लारी आठवा

खणमाळवद: "सिमेंट म्हणजे पाप, माती म्हणजे मोक्ष" छापाची पोस्ट काल इथे फिरत होती. मुळशीचं फार्महाऊस, भिंतीत रंगीत बाटल्या, खाली वाहवा. माझं आजोळ औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या 'गारेगार' घरांनी काय केलं ते तिकडे जाऊन विचारा. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, मधे नुसता चिखल. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत, गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

मडबाबा: म्हणजे दोष बांधणीचा! भिंतीचे दोन पदर, त्यांना सांधणारा आरपार दगडच नाही, मग हादऱ्याला सुटणारच. कच्छचे भुंगे, म्हणजे तिथली गोल घरं, मातीचेच, २००१ च्या भूकंपात कितीतरी टिकले. आता तर पाच-दहा टक्के सिमेंट घालून मातीच्या दाबविटा करतात. भट्टी नको, जळण नको.

खणमाळवद: घातलंत ना शेवटी सिमेंट? मोक्ष हुकला.

चुलीपुढची: भूकंपाचं राहू द्या, सारवायचं कोणी? सासरी मातीचं घर होतं. पावसानंतर भिंतीचे पोपडे निघायचे, मग शेण-माती-भुसा पायाने तुडवा, हाताने लिंपा, नखांत आठवडाभर वास. सासरे ओसरीवर बसून पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे पंखा लागत नाही." घरकुल मंजूर झालं तेव्हा मी आधी फरशी मागितली.

मडबाबा: ताई, चुन्याचा गिलावा करा, दरवर्षीची कटकट संपते.

चुलीपुढची: चुना मळणारा गवंडी तुम्ही पाठवताय का?

कातळावरचा: आणि 'नैसर्गिक' जांभ्या चिऱ्याचे बंगले बांधणाऱ्यांनी आमच्या कोकणातल्या सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, खाणीचे खड्डेही बघून जावेत. भरतंय कोण ते?

मडबाबा: विषय वास्तुकलेचा आहे. सासुरवास आणि खाणी वेगळ्या धाग्यावर घ्या.

चुलीपुढची: देखभाल वास्तुकलेत येत नाही होय? कालचं फार्महाऊस तुमचंच ना? सोमवार ते शुक्रवार तुम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये. तिथे गड्याची बायको सारवत असेल.

मडबाबा: पगार देतो तिला!

चुलीपुढची: बघा. मला तोही नव्हता.

खणमाळवद: 😂 मडबाबा, एक मात्र तुमचं घ्या. पुनर्वसनातल्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात बसवत नाही. मामांनी पुढे कुडाचं छप्पर घातलंय, दुपारी तिथेच आडवे होतात. पण रात्री तेही गच्चीवर. माळवदाखाली झोपायला त्यांना सांगून बघा, काठी घेऊन येतील.